तानूच्या सात वड्या

जिथं डोंगराची निळी सावली दुपारीच गावात उतरते, तिथं अगदी टोकाच्या घरात तानू आणि तिची आई राहायच्या. तानू एवढीशी, नऊ वर्षांची, आणि भित्री तर इतकी, की पिकलं पान पाठीवर पडलं तरी टुणकन उडायची. मांजर शिंकलं की ही दाराआड! पण एका भीतीपुढे तिच्या बाकीच्या भित्या अगदी लिंबूटिंबू होत्या. ती भीती आईच्या काळजीची होती.

आईच्या हाताला काय चव होती म्हणून सांगू! बारसं असो, लग्न असो, पाक बघायला तिलाच बोलावणं यायचं. पळीवरून ओघळणारा थेंब नुसता बघून ती सांगायची, "उतरवा आता!" पण पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप गेला खरा, जाताना जिभेची चव घेऊन गेला. भाकरी मातीसारखी लागू लागली, गूळ वाळूसारखा. आई दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तानू रात्री उठून तिचा श्वास ऐकत बसायची.

भुईमुगाची काढणी झाली, की मातीत चुकूनमाकून राहिलेल्या शेंगा गोरगरिबांनी वेचायच्या, अशी त्या गावची रीत होती. त्याला सरवा म्हणत. एका सोनेरी सकाळी तानू सरवा वेचायला गेली. ओंजळभर शेंगा गोळा झाल्या. तेवढ्यात बांधाकडेला तिला एक चुकार रोप दिसलं. त्यावर एकच इवलंसं, पिवळंधम्मक फूल होतं, आणि फुलाजवळून एक हिरवा दोरा मातीकडे निघाला होता. तो दोरा मातीत शिरला, की तिथं शेंग धरते, हे तानूला ठाऊक होतं. पण खालची माती उकरलेली. बिचारा दोरा अधांतरीच लोंबत होता.

"अगं बाई, तुला खाली पाय टेकायलाही जागा नाही?" तानू म्हणाली. तिने दोन्ही हातांनी माती ओढली, दोऱ्याखाली मऊमऊ गादी केली आणि तांब्यातलं स्वतःचं प्यायचं पाणी त्यावर हळूच शिंपडलं.

झुळूक आली. फूल थरथरलं. लखलख, लखलख करत त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली! पंख हळदीसारखे पिवळे, झगा दाण्याच्या सालीसारखा गुलाबी, आणि डोक्यावर अर्ध्या टरफलाची चिमुकली टोपी.

तानू एवढी दचकली, की सगळ्या शेंगा पुन्हा मातीत सांडल्या.

"सांडल्यास ना!" परी खुदकन हसली. "मी काय वाघ आहे?"

"नाही... पण परीताई, वाघ बोलत नाही ना!"

"बरं, बोलणाऱ्या परीला एक इच्छा सांग. मी शेंगपरी. माझ्या बाळाला तू मातीची गादी दिलीस."

तानूला इच्छा शोधावी लागली नाही. "माझ्या आईची चव परत दे," ती लगेच म्हणाली.

तानूच्या सांडलेल्या शेंगांवरून परीने पंख फिरवला. "या दाण्यांच्या सात वड्या होतील. रोज एक अख्खी वडी आईला द्यायची. पण नियम तीन आहेत हं! वडी पुरती गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. डब्यात ओला हात घालायचा नाही. आणि सातही वड्या आईच्याच पोटात गेल्या पाहिजेत. एकही कमी नको."

तानू शेंगा पुन्हा गोळा करून पळत घरी आली. लोखंडी कढईत तिने मंद आचेवर दाणे भाजले. दाणे तडतडले, ती दचकली, पण ढवळायची थांबली नाही. मग दाणे चोळून साल पाखडली आणि खलबत्त्यात कुटत राहिली. आधी कूट झालं, मग ओलसर गोळा, मग दाण्यांना तेल सुटलं आणि सगळं लोण्यासारखं मऊ, चकचकीत झालं. गाडग्याच्या तळाशी राहिलेला गूळ चमचाभर तुपावर नुसता विरघळू दिला, लगेच त्यात ते लोणी ढवळलं आणि तूप लावलेल्या ताटलीत थापलं. वाटीच्या बुडाने वरून गुळगुळीत केलं. अहाहा! जणू ताटलीत मधाच्या रंगाचा चंद्र उगवला होता.

आता गार होईपर्यंत थांबायचं. हात सारखा तिकडे जायचा. शेवटी तानू स्वतःच्या दोन्ही हातांवर बसून राहिली!

वड्या बरोबर सात झाल्या. पण ठेवायच्या कशात? घरातल्या मडक्यांना चिरा, चिरांतून मुंग्यांची ये-जा. तानू शेजारच्या वेणूमावशीकडे गेली. मावशी मनाने चांगली, तोंडाने फटकळ.

"मावशी, घट्ट झाकणाचा डबा देता?"

"देते, पण एवढं कुजबुजून का मागतेस? डबा झोपलाय का?" मावशीने कल्हईचा पितळी डबा तिच्या हातात ठेवला.

तानूने डबा उन्हात कोरडा केला. वाळलेली पळसाची पानं मधे घालून वड्या एकावर एक रचल्या, म्हणजे चिकटायला नकोत. रोज हात परकराला तीनतीनदा पुसायची आणि मगच झाकण काढायची.

पहिल्या दिवशी आईने वडी खाल्ली आणि नुसतीच मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी म्हणाली, "जिभेला काहीतरी उबदार लागलं गं." आणि सहाव्या दिवशी तिचे डोळे चमकले. "तानू, लांबून कुणीतरी हाक मारतंय ना, तसं गोड लागतंय. पण अजून लांबच आहे."

सातवा दिवस उजाडला. तानू हात पुसतच होती, एवढ्यात दारातून आवाज आला, "तानू! अगं डबा दे माझा!"

तानू ताडकन उडाली.

"माझ्या लेकीला मुलगा झाला!" मावशी धापा टाकत म्हणाली. "डबाभर डिंकाचे लाडू न्यायचेत. वेशीवर गाडी थांबलीय. निरोप आल्यापासून नुसती पळतेय बघ, पोटात अन्नाचा कण नाही."

तानूने वडी काढून पानावर ठेवली, डबा पुसला. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आईनेच शिकवलेलं. गुळाचं गाडगं उपडं होतं. भाकरीची टोपलीही रिकामी. तिने डब्यात तुळशीचं पान ठेवलं. रीत तर पाळली गेली.

पण मावशीचा चेहरा उन्हाने उतरला होता. ओठ सुकले होते. आणि वाट लांबची होती.

तानूने आईकडे बघितलं. मावशीकडे बघितलं. अर्धी करावी? पण परी तर अख्खी म्हणाली होती! तिने डोळे घट्ट मिटले, वडी उचलली आणि तुळशीच्या पानाशेजारी ठेवली.

"वाटेत खा, मावशी," ती कशीबशी म्हणाली.

मावशीने झाकण उघडलं. "वडी! आणि ती मी एकटीने खाऊ? नातू झालाय मला, आधी तुमचं तोंड गोड नको करायला?" तिने वडीचे पटकन दोन तुकडे केले, एक आईच्या तोंडात भरवला आणि दुसरा तानूच्या हातून स्वतः खाल्ला.

अर्धीच! तानूने श्वास रोखला.

आई चावत होती. थांबली. पुन्हा चावली. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"तानू," ती म्हणाली, "वेलदोडा विसरलीस की गं! आणि दाणे एक चिमूट जास्त भाजलेस."

मग तानू हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आईने तिला कुशीत ओढलं, आणि मावशी डोळे पुसत ओरडली, "चव आली तशी नावं ठेवणंही आलं! आता बारशाला पाक तूच बघायचास हो!" आणि डबा घेऊन ती गाडीकडे धावली.

उंबऱ्यावरच्या कवडशात पिवळे पंख लुकलुकले.

"परीताई," तानूने हळूच विचारलं, "वडी तर अर्धीच होती. मग नियम?"

"शेंग सोलून बघ," परी म्हणाली. "आत किती दाणे असतात?"

"दोन."

"एका टरफलात दोघं राहतात, म्हणून तर ते गोड असतात. मावशीच्या हातची ती अर्धी वडीच आज अख्खी झाली." परीने टरफलाची टोपी काढून तानूला लवून नमस्कार केला. मग कवडसा वाढत वाढत गेला, घरभर सोनंच सोनं सांडलं, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली, तुपावरच्या गुळासारखी.

या वेळी तानू मुळीच दचकली नाही.

बारशाला आई गेली आणि पळीवरचा थेंब बघून म्हणाली, "उतरवा आता!" तानूच्या घरी आता स्वतःचा पितळी डबा आहे आणि त्यात नेहमी वड्या असतात, वेलदोडा घातलेल्या. ज्याला हवी असेल, त्याने खुशाल जावं. फक्त हात कोरडे करून जावं, आणि मिळालेल्या वडीतली अर्धी कुणालातरी द्यावी.