गवताने मिटवलेल्या वाटा

वाळू जिथे संपते आणि गवत सुरू होते, त्या सीमेवरच्या नगरात अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या माळावर काळवीट होऊन जन्मला होता.

राजाला काळविटांनी ओढलेला रथ हवा होता. खदिर नावाचा व्याध त्यासाठी नर धरून आणी. पण राजाच्या अंगणात बांधलेले काळवीट चारा सोडत, माळाकडे तोंड करून उभे राहत आणि उभ्या उभ्या मरत. आता तीनच उरले होते. राजा म्हणाला, "चौथा आण. पौर्णिमेपर्यंत आला नाही, तर तुझा उजवा हात तोडीन."

हे ऐकून खदिराची बायको सामा म्हणाली, "रथ हरणं ओढणार! मग राजा आत बसून काय, गवत खाणार?"

"हळू बोल गं. हात गेला तर घास तुलाच भरवावा लागेल."

खदिराकडे चित्तक नावाचा पाळीव काळवीट होता. त्याच्या शिंगांना तातीचे, म्हणजे आतड्याच्या चिवट दोरीचे, फास बांधून खदिर त्याला माळावर सोडी. प्रत्येक रानटी नराचा आपला मुलूख असतो आणि त्यात लेंड्यांचा ढीग. परका नर ढिगावर चढला की मालक चवताळून येतो, शिंगे भिडतात आणि फासात अडकतात. ही युक्ती कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी भर दुपारी माळ गप्प होता. चंडोल नाही, टिटवी नाही. वाटेतले ढीग पांढरे पडून त्यांचा भुगा झाला होता. त्यांचे मालक खदिरानेच नेले होते. शेवटच्या ढिगावर मात्र ओल्या लेंड्या होत्या, आणि पलीकडे बोधिसत्त्व उभा होता. चित्तक ढिगावर चढला. बोधिसत्त्वाने एक पाऊल मागे घेतले.

"भ्याला रे भ्याला! चल चित्तका, हाण त्याला!"

चित्तक पुढे सरकला. बोधिसत्त्व आणखी मागे गेला. असे किती चालले, खदिराला कळले नाही. मृगजळात त्या काळविटाचे पाय विरघळले आणि नुसते धड तरंगू लागले. त्याच्यामागे आणखी काळवीट उभे होते. खूप होते. सगळे नगराकडे पाहत होते, आणि एकाचीही सावली पडली नव्हती. खदिराने डोळे चोळले. एकच होता. मग तोही दिसेना.

खदिर परतायला वळला, तर वाटच नव्हती. हरणांच्या खुरांनी पडलेल्या वाटांवरून तो लहानपणापासून पाण्यावर जात आला होता. आता चालणारे खूर उरले नव्हते, आणि गवताने वाटा मिटवल्या होत्या. पखाल कोरडी पडली. त्याने सामाला हाक मारली; आवाज ओठांपुढे गेला नाही. चित्तकाने गुडघे टेकले.

मानेवर ऊन श्वास आला. "माझ्यामागून ये," बोधिसत्त्व म्हणाला.

"मी तुला धरायला आलोय."

"ठाऊक आहे. पण पाण्याची वाट आता मलाच तेवढी येते."

चित्तक धडपडत उठून मागोमाग आला. एका खोलगट जागी चिखलात थोडे पाणी होते. खदिराने उजव्या हाताने चिखल उपसला, तिघे प्याले. "शिंग का नाही भिडवलंस?" त्याने विचारले.

"फास त्याच्याही शिंगाला आहे. मी लढू कुणाशी?"

खदिराने फास सोडले. चित्तकाला त्याने तिथेच ठेवले. नगर दिसेपर्यंत बोधिसत्त्व त्याच्यापुढे चालला.

खदिर तसाच राजाच्या अंगणात गेला. "महाराज, काळवीट आणला नाही. आणणारही नाही." त्याने हात पुढे केला. राजाने तलवार उचलली.

तेव्हा कित्येक दिवस मान न हलवलेल्या त्या तीन काळविटांनी एकदम माना वळवल्या. दोर ताणत ते खदिरापाशी आले आणि त्याच्या हातावरचा माळाचा सुकलेला चिखल चाटू लागले. तलवारीखाली आता हात दिसत नव्हता, तीन काळ्या माना दिसत होत्या. राजा थांबला. चाटणे संपेना.

"दोर कापा," राजा कसाबसा म्हणाला. त्या माळावर पुन्हा कुणी फास लावला नाही.

एवढे सांगून शास्ता बुद्ध भिक्खूंना म्हणाला, "तेव्हाचा खदिर म्हणजे हा आनंद. सामा म्हणजे उत्पलवर्णा, चित्तक म्हणजे छन्न. तलवार खाली ठेवणारा राजा आज अंगुलिमाल होऊन तुमच्यात बसला आहे. मागे सरणारा काळवीट मी होतो. अंगात बळ असताना मागे घेतलेले पाऊल, त्याचेच नाव क्षांती."