धुकं धरणारी झाडं

फार पूर्वीची गोष्ट. कोणत्या राजाच्या काळातली, ते मला विचारू नका. राजा त्या गावाकडे कधी फिरकलाच नव्हता.

गाव समुद्राच्या काठावर होतं आणि तिथे पाऊस पडत नसे. वर्षाचे ऋतू दोनच, एक उन्हाचा आणि एक धुक्याचा. उन्हात लोक मासे धरत. धुक्याचे चार महिने लागले की होड्या वाळूवर ओढून उलट्या घालत आणि सुक्या मासळीवर दिवस काढत. त्या धुक्यात स्वतःचा हात दिसत नसे. डावीकडून मारलेली हाक उजवीकडून ऐकू येई. म्हणून धुक्यात होडी लोटायची नाही, असा तिथला नियम होता.

गावामागच्या टेकडीवर सुईसारख्या पानांची बुटकी झाडं होती. तशी झाडं दुसरीकडे कुठे उगवत नसत. प्रत्येक झाडाखाली एक दगडी डोणी होती, आणि धुक्याच्या दिवसांत पानांवरून ठिबकणारं पाणी तिच्यात साठे. सगळं गाव तेच पाणी प्यायचं आणि उन्हाच्या दिवसांसाठी रांजणांत भरून ठेवायचं.

एका वर्षी धुकं आठ दिवस आधी आलं. होड्यांचा प्रमुख जो तांडेल, त्याचा थोरला मुलगा तेव्हा समुद्रात होता. तो परत आला नाही.

तेव्हापासून तांडेलाच्या मनात भीतीने घर केलं. धाकटा नुसता पाण्यात पाय बुडवून उभा राहिला, तरी बाप धावत जाऊन त्याला मागे ओढी. तो टेकडीकडे बघत बसे. समुद्रावरचं धुकं तिथे चढे आणि झाडांमध्ये दुपारपर्यंत रेंगाळे. तांडेलाला वाटलं, धुकं राहतं ते तिथेच. घर मोडलं की जाईल.

“झाडं तोडा,” तो गावाला म्हणाला.

प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी धुक्याने नेलं होतं. भ्यालेल्यांना फार समजवावं लागत नाही. डोण्या साफ करणारी म्हातारी तेवढी आडवी आली.

“अरे, झाडं धुक्याला बोलवत नाहीत. ते येतंच. झाडं त्यातलं पाणी उतरवून घेतात.”

“माझा एक गेला, आजी. दुसरा गेला तर तू आणून देशील?”

म्हातारी वाटेतून बाजूला झाली. उन्हाचे दिवस सरायच्या आत टेकडी बोडकी झाली.

धुकं ठरल्या दिवशी आलं, पूर्वीइतकंच दाट. अडवायला कुणी नव्हतं, म्हणून ते टेकडीवरून सरळ पलीकडे निघून गेलं. डोण्या कोरड्या राहिल्या. पंधरा दिवसांत रांजण संपले आणि पोरं ओले दगड चाटू लागली.

समोरच्या बेटावर एक झरा होता, पण तिथे होडीनेच जाता येई. धाकट्याने आपली होडी सुलटी केली.

“बाबा, मी जातो. पोरं मरतील.”

तांडेलाने होडीचा दोर घट्ट धरला.

“सोडा, बाबा.”

तांडेलाने पोरांचे फुटलेले ओठ पाहिले आणि दोर सोडला. मग वाट कळावी म्हणून तो काठावर शंख फुंकत उभा राहिला. संध्याकाळी हाक आली, “बाबा!” तो डावीकडे धावला. हाक उजवीकडून आली. तो तिकडे धावला. त्यानंतर हाक आली नाही. ओठांतून रक्त येईपर्यंत तो शंख फुंकत राहिला.

तिसऱ्या दिवशी लाटांनी होडी काठाला आणली. घागरी भरलेल्या होत्या, त्यांची तोंडं फडक्यांनी नीट बांधलेली होती. होडीत माणूस नव्हता.

लोक रडत रडत ते पाणी प्यायले. तांडेलाने आपल्या वाट्याची घागर खांद्यावर घेतली, टेकडी चढला आणि तोडलेल्या खुंटांच्या मुळाशी ओतली. पुढे जन्मभर तो उन्हाच्या दिवसांत बेटावरच्या झऱ्याचं पाणी आणून हेच करत राहिला.

तात्पर्य: घाबरून कुऱ्हाड उचलण्याआधी पाहावं, आपण तोडतो आहोत ते संकट आहे की संकटात आपल्याला जगवणारा आधार.