वर्गणी कुणी भरायची?

विडी कामगार महासंघाची तिजोरी आटली होती. सोलापुरातल्या कचेरीचं भाडं थकलं होतं आणि वर्गणी वाढवायचं म्हटलं की विडी वळणाऱ्या बायका महासंघाच्या खजिनदार अंबूबाई येमूल यांना विचारायच्या, "अहो, द्यायचं कुठून?"

अशात वार्षिक मेळाव्याला विडी कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष दामोदरशेठ आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "या गरीब बायांवर वर्गणीचा बोजा कशाला? यापुढे सगळ्यांची वर्गणी आम्ही कारखानदार भरू. पैसे थेट कचेरीत पोचतील."

टाळ्या पडल्या. व्यासपीठावरचे पदाधिकारीही माना डोलवू लागले. अंबूबाई मात्र मनात हिशेब मांडू लागल्या. ज्याच्या पैशावर कचेरी चालेल, त्याच्याशी मजुरीसाठी भांडायचं कसं? आणि नको म्हणावं, तर कचेरीला कुलूप.

त्या उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "शेठ, उपकार झाले. पण कचेरीपर्यंत यायचे कष्ट तुम्हाला नकोत. तेवढे पैसे प्रत्येक बाईच्या मजुरीतच वाढवून द्या. आम्ही तिच्याकडून घेऊ."

शेठ चाचरले. "म्हणजे... मजुरीवाढ?"

"छे हो! देणगी तुमचीच. फक्त बाईच्या हातून आमच्याकडे येईल."

अख्खा मांडव हसला आणि टाळ्या थांबेनात. एवढ्या लोकांसमोर दिलेला शब्द शेठना गिळता येईना. पुढच्या पगारापासून मजुरी वाढली, बायकांनी वर्गणी आपल्या हातानं भरली आणि त्याच वर्षी महासंघानं बोनससाठी शेठच्याच दारात धरणं धरलं.