साहेब महाराजांना काय म्हणाला?

"अर्थ कोरायचा म्हणजे कोरायचा!" रणधवल महाराज गरजले. "आणि तो खोटा निघाला, तर या बाबल पाथरवटाला याच दारात चिणून टाका!"

झालं होतं असं. सोनपिंपरी संस्थानात पूल बांधायला नवा साहेब आला होता. महाराजांनी त्याच्या स्वागताला भर दरबारात अडीच तास इंग्रजीत भाषण ठोकलं. भाषण संपलं तसा साहेब उठला, हात जोडून म्हणाला, "आ कॅना मॅक इट ऊट!" आणि बसला. दरबाराने टाळ्यांचा कडकडाट केला. महाराज तर इतके खूश झाले, की हे वाक्य आणि त्याखाली त्याचा मराठी अर्थ राजवाड्याच्या दारावर लावायच्या शिळेत कोरायचा हुकूमच सुटला.

पण अर्थ कुणाला ठाऊक होता! साहेब स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला, बोलायचा आपल्या गावचं इंग्रजी. दरबारच्या तिघा पंडितांनी ते वाक्य तीन तऱ्हेने लिहून पाहिलं आणि तीन अर्थ काढले. एक म्हणाला, "ऊट हा लॅटिन शब्द आहे, अर्थ 'अद्वितीय'." दुसऱ्याने शब्दकोश पालथा घातला. शब्द सापडले नाहीत, तेव्हा शब्दकोशच चुकीचा छापलाय असं त्याने ठरवलं. महाराज चिडलेले पाहून तिघेही एका सुरात म्हणाले, "आम्ही अर्थ सांगून मोकळे झालो महाराज, हा पाथरवटच कोरत नाही!"

विद्वानांचं हे बरं असतं. गोंधळ त्यांनी घालायचा आणि मान दुसऱ्याची कापायची!

"साहेबालाच विचारू या का?" बाबलने घाबरत विचारलं.

"खबरदार!" महाराज ओरडले. "विचारलंस तर आम्हाला इंग्रजी कळत नाही असं होईल! संध्याकाळपर्यंत अर्थ पाहिजे!"

बाबल कोकणातून बायकोसह कामाला आलेला. तो शिळेपुढे बसून तेच वाक्य पुटपुटत राहिला. बिचाऱ्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"गप ऱ्हवा," त्याची बायको द्रुपदी म्हणाली. "मी साहेबाक अर्थ इचारूचंय नाय. मी फकत बोलाक जातंय!"

ती तडक पुलावर गेली आणि साहेबासमोर उभं राहून आपल्या मालवणीत घरदार, गाव, मासे, दरबार असं तोंडाला येईल ते भराभरा बोलत सुटली. साहेबाने कपाळाचा घाम पुसला. मग हात जोडून म्हणाला, "आ कॅना मॅक इट ऊट!"

द्रुपदीचे कान टवकारले. तेवढ्यात एक तेलंगी मजूर धावत आला आणि हातवारे करत साहेबाला तेलुगूत काहीतरी सांगू लागला. साहेबाने त्यालाही हात जोडले. वाक्य तेच!

संध्याकाळी ती दरबारात हजर झाली.

"अर्थ आणलास?" महाराजांनी विचारलं.

द्रुपदीने पदर खोचला आणि एका दमात सुरू केलं, "म्हाराजानु, सकाळपासून घोवाच्या पोटात शीत नाय, छिन्नी घेवन तो धोंड्याफुडे बसलो हा, आनि हे शेंडयेवाले तेका अर्थ दिवचे सोडून एकामेकाचे पाय वडतत, आता कित्याक म्हणान इचारात तर—"

"थांब, थांब!" महाराजांनी कानांवर हात ठेवले. "काय बडबडतेस? मला एक अक्षर कळत नाहीये!"

"ताच!" द्रुपदी टाळी वाजवून म्हणाली. "तुमी आता म्हणालास ना, ताच साहेब तुमका म्हणालो!"



"अपमान! घोर अपमान!" पंडित किंचाळले. "महाराज, हिला आधी कैद करा!"

"कशाक?" द्रुपदी आता सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "मी बोललंय, साहेब तसाच म्हणालो. तेलंगी बोललो, तेकाय तसाच म्हणालो. तुमका खोटा वाटता तर तुमी जावा, संस्कृतात बोला. साहेब काय म्हणता ता आयका!"

पंडितांपैकी कुणी जागचा हलला नाही. महाराजांचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. कोपऱ्यात बाबलने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," महाराज दातओठ खात म्हणाले, "अडीच तास आम्ही घसा कोरडा केला, आणि साहेबाला आमचं भाषण कळलंच नाही?"

"कळला नाय ता बरा झाला, म्हाराजानु!" द्रुपदी म्हणाली. "कळला नाय म्हणान तर तो शेवटापर्यंत बसलो!"

 महाराजांना असं काही हसू फुटलं, की पागोटं घसरून मांडीवर आलं! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून द्रुपदीला दिलं, बाबलला कोऱ्या शिळेसकट सोडून दिलं आणि तिन्ही पंडितांना त्याच पावली पुलावर पाठवलं, साहेबासमोर संस्कृत बोलायला.