मधल्या वर्षांचं राज्य

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात, थंडी ऐन भरात असताना, एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध पुस्तकबांधणीवाले आपल्या शिष्यासह दुकान चालवीत होते. वृद्धाचे नाव केरोबा. गाव त्यांना वस्ताद म्हणे. शाळा चौथीपर्यंत. शिष्य मार्तंड पंचविशीचा, हाताने चपळ आणि स्वच्छ कामाचा भारी अभिमानी.

त्या शुक्रवारी वाचनालयाच्या शरयूबाई स्वतः एक गठ्ठा घेऊन आल्या. 'सातव्या घाटापलीकडे' या अद्भुत कादंबरीमालेचे पाच भाग. पाठी निखळलेल्या, पानांवर चहाचे आणि तेलाचे डाग.

"बारा वर्षं चाललंय हे," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वर्षांनी एक भाग. आता सहावा, शेवटचा येतोय, येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. गाव खुळावलंय, वस्ताद! सगळ्यांना आधीचे पाच पुन्हा वाचायचेत. मंगळवारी मला हवेतच."

वस्ताद भाचीच्या लग्नाला दोन दिवस परगावी गेले. मार्तंडाने पुस्तके उघडली आणि त्याला किळस आली. मजकुराभोवतीच्या कोऱ्या समासात लोकांनी मनसोक्त लिहून ठेवले होते. कुणी नकाशात एक विहीर वाढवली होती. कुणी खोटे बोलणाऱ्या पक्ष्याला शिव्या घातल्या होत्या, आणि त्याखाली दुसऱ्याने पक्ष्याची बाजू घेतली होती. मार्तंडाने तीन भाग शिवले, दाबात ठेवले आणि यंत्राखाली तिन्ही कडा बोटभर कापून टाकल्या. पुस्तके नव्यासारखी दिसू लागली.

सोमवारी वस्ताद परतले. तिन्ही पुस्तकांच्या कडांवरून त्यांनी अंगठा फिरवला. उरलेले दोन भाग त्यांनी स्वतःकडे ओढले. ते शिवले, पण कापले नाहीत. मळक्या, वेड्यावाकड्या कडा तशाच ठेवल्या. वर प्रत्येकाच्या शेवटी वीस-वीस कोरी पाने शिवून टाकली.

मार्तंडाला राहवेना. "वस्ताद, छापून झालेल्या कादंबरीला कोरी पानं? लोक हसतील."

"हसू देत. उद्या तूच नेऊन दे. आणि तिथंच बस, दिवे लागेपर्यंत."

"बसून काय करू?"

"कान आहेत ना तुला?"

मंगळवारी चार वाजता मार्तंडाने पुस्तके वाचनालयाच्या लांब मेजावर ठेवली, आणि माणसे अक्षरशः तुटून पडली.

"दुसरा भाग आधी मला!" निवृत्त हवालदार शितोळे ओरडले. वय सत्तर, आवाज तिशीतला. "पान दोनशे चौदा! पोंक्षे, आज चष्मा लावून बघा. राणी दरीत पडली तिथं मी सही-तारखेनिशी लिहिलंय, राणी मेलेली नाही. नऊ वर्षं झाली त्याला."

दवाखान्यातले कंपाउंडर पोंक्षे खदखदून हसले. "नऊ वर्षं दरीत? एव्हाना सर्दी झाली असेल हो तिला. बाटली भरून देऊ का?"

"आणि खाते काय ती तिथं?" कन्याशाळेच्या इंदूबाईंनी विचारले.

"धनगरवस्ती आहे खाली."

"पुस्तकात कुठाय वस्ती?"

"पुस्तकात नाही. पण पहिल्या भागात दरीतून घंटा ऐकू येते. घंटा आहे म्हणजे मेंढरं आहेत. मेंढरं आहेत म्हणजे राखणारी माणसं आहेत. आणि बाई, माणसं असली की भाकरी आलीच!"

मेजाभोवती हशा आणि गलका झाला. मार्तंडाने या कादंबऱ्यांतली एक ओळही वाचली नव्हती. पण घंटेची गोष्ट ऐकताच तो मेजाकडे सरकला. खरेच की, कुणाची मेंढरे असतील?

हवालदारांनी पान दोनशे चौदा उघडले. कड पांढरीशुभ्र होती. अगदी काठाशी कापलेली अर्धीमुर्धी अक्षरे तेवढी उरली होती. त्यांनी पान उलटले, पुन्हा मागे आले.

"सोमवारी सहाव्या भागात राणी जिवंत निघाली," ते हळूच म्हणाले, "तरी मी आधी सांगितलं होतं याला आता पुरावा काय?"

"आम्ही आहोत की साक्षीला," इंदूबाई म्हणाल्या.

"तोंडी साक्षी मी तीस वर्षं ऐकल्यात, बाई."

या वेळी पोंक्षेही हसले नाहीत. इतक्यात चौथा भाग चाळणारा कुणीतरी ओरडला, "अरे, इथं जागा सोडलीय! कोरी पानं आहेत!" पेन्सिली निघाल्या. दिवे लागेपर्यंत तीन पाने भरली.

मार्तंडाने दुकानात येऊन ऐकलेले सगळे सांगितले आणि तो खाली मान घालून उभा राहिला. "वस्ताद, मला वाटलं लोकांना जादू आवडते. तलवारी, उडते घोडे."

"आवडतात. त्यासाठीच पुस्तक उघडतात. पण घोड्यासाठी बारा वर्षं कोण थांबतं?" वस्तादांनी सुई खाली ठेवली. "मी शिकलेला नाही. पण चाळीस वर्षं पुस्तकं शिवतोय, कुठलं पान मळतं ते मला कळतं. लढाईचं पान स्वच्छ राहतं. मळतं ते, जिथं लिहिणाऱ्यानं घंटा वाजवली आणि मेंढरं दाखवली नाहीत. एक भाग संपतो, दुसरा यायला तीन वर्षं. त्या मधल्या वर्षांत ते राज्य चालवतं कोण? लिहिणारा? नाही. कंपाउंडर चालवतो, हवालदार चालवतो. एरवी त्यांना कोण विचारतं? तिथं त्यांचा शब्द चालतो. तू तो शब्द कापलास. हे तुझं देणं आहे, मार्तंडा. सहावा भाग उघडायच्या आत फेड."

कात्रणांची टोपली कोपऱ्यात तशीच होती. तीन कादंबऱ्यांच्या पट्ट्यांत बँकेच्या वह्यांच्या आणि शाळेच्या हजेरीपटांच्या पट्ट्या मिसळल्या होत्या. मार्तंडाने कापलेले तिन्ही भाग वाचनालयातून परत आणले आणि तो अर्ध्या अक्षराला अर्धे अक्षर जुळवू लागला. जुळले की पातळ कागद लावून खळीने चिकटवायचे. पट्टी फाटली असेल तिथे लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन विचारायचे. इंदूबाईंनी आधी अर्धा तास झाडले, मग नकाशातली आपली विहीर नेमकी कुठे ते काढून दाखवले. वस्ताद मदतीला आले नाहीत. फक्त खळ संपली की नवी शिजवून ठेवीत.

रविवार संपला. सगळे जुळले, दोनशे चौदा जुळेना.

सोमवारी सकाळी वाचनालयात पार्सल आले. पायरीपासून मेजापर्यंत माणसे दाटली. शरयूबाईंनी सुतळीला चाकू लावला.

"थांबा! बाई, थांबा!"

मार्तंड अनवाणी धावत आला. दोन्ही हातांत दुसरा भाग, उघडाच. पट्टी यंत्राच्या फळीखाली अडकलेली सापडली होती, खळ अजून ओली होती. त्याने पुस्तक हवालदारांपुढे धरले.

राणी मेलेली नाही. र. शितोळे. ३ मे १९६४.

हवालदारांनी ओळ वाचली. पुस्तक पोंक्ष्यांकडे वळवले. पोंक्ष्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाचली आणि मान हलवली.

"फोडा आता," हवालदार शरयूबाईंना म्हणाले.

मार्तंडाचे देणे फिटले होते.