पालथी कढई

एके काळी एक वृद्ध आचारी नदीकाठच्या एका मठात स्वयंपाक शिकवत असत. लोक त्यांना आदराने आचार्य म्हणत आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्ती करत, "आचार्य नव्हे, आचारी. आचार्य पलीकडच्या सभामंडपात बसतात. त्यांना भूक लागली की माझ्याकडे येतात." सभामंडपात प्रवचनाला गर्दी होई. स्वयंपाकघरात मात्र शिष्य मोजकेच टिकत, कारण हा गुरू बोलत कमी असे आणि भाजी निवडायला फार वेळ बसवत असे. जे टिकले, ते त्यांना आप्पा म्हणत.

त्या मोजक्यांत शरयू सर्वांत पुढे होती. वय पन्नाशीचे, घर मठाच्या मागच्याच गल्लीत, आणि हाताला अशी चव की आप्पाही मान डोलावत. तिची खासियत होती करंजी. पारी पातळ, सारण काठोकाठ, आणि कडेला घातलेली मुरड इतकी नेटकी की उकळत्या तेलात ती उकलल्याचे कोणी पाहिले नव्हते. नारळाच्या करंज्या सगळेच करतात, असे म्हणून तिने फळांची सारणे सुरू केली होती. वैशाखात आंब्याचा आटवलेला रस, पुढे फणस, थंडीत पेरू. खाणारा पहिल्या घासाला डोळे मिटत असे.

अशात एका व्यापाऱ्याने मठाला एक भलामोठा फ्रीझर दान दिला. माणूस आडवा झोपेल एवढा. त्यात काय ठेवायचे, हे मठात कोणालाच सुचेना. व्यवस्थापकांनी दोन दिवस त्यावर वर्तमानपत्रे रचून ठेवली. मग शरयूच्या डोक्यात कल्पना आली. फळाचा हंगाम असेल तेव्हा शेकड्यांनी करंज्या भरायच्या, न तळता ताटांतून गोठवायच्या आणि कडक झाल्या की अकरा-अकराचे डबे भरून ठेवायचे. गावात कोणाकडे काही प्रसंग निघाला की डबा तयार. घेणाऱ्याने फक्त कढईत सोडायच्या आणि गरमागरम खायच्या. तिने छापखान्यातून एक सुबक चिठ्ठीही करून आणली: "सप्रेम भेट. मंद आचेवर तळून सहकुटुंब आनंदाने आस्वाद घ्यावा."

कल्पना उत्तम होती, यात शंका नाही. बारशाला डबा गेला, गृहप्रवेशाला गेला, मुलगा पास झाला तिथे गेला. भाद्रपदात आंब्याची करंजी खाऊन माणसे चकित होत. मठात येणारा प्रत्येक जण शरयूचे नाव घेऊ लागला. पहिले काही डबे ती स्वतः नेऊन देत असे, चार शब्द बोलत असे. पुढे डबे वाढले, वेळ पुरेना, आणि ते काम तिने यशवंत रिक्षावाल्याकडे सोपवले. प्रसंग कोणता, घर कोणते, हे यशवंताला कळले की पुरे. डबा तोच, चिठ्ठी तीच.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. एका मंगळवारी शरयूच्या मैत्रिणीचे, हेमलताचे यजमान अचानक गेले. सकाळी अंगणात झाडांना पाणी घालत होते, दुपारी नव्हते. शरयू आणि हेमलता शाळेत एका बाकावर बसलेल्या. एकीच्या लग्नात दुसरी करवली, एकीच्या बाळंतपणात दुसरी उशाशी. बातमी ऐकून शरयू तशीच उठून गेली असती. पण त्याच संध्याकाळी मठात आंब्याच्या सोळा पेट्या येऊन पडल्या, सगळ्या पिकून तयार. आंबा काही कोणासाठी थांबत नाही. बुधवार रस काढण्यात गेला, गुरुवारी सकाळी तो आटवायला चढला. आपण तेराव्याला जाऊ, निवांत बसू, असे तिने स्वतःला समजावले, आणि तोवर हेमाला आपली आठवण राहावी म्हणून यशवंताबरोबर फ्रीझरमधला आंब्याच्या करंज्यांचा डबा पाठवून दिला.

तासाभरात यशवंत परत आला. हातात डबा होता तसाच.

"ताई, घेतला न्हाई त्यांनी," तो खाली बघत म्हणाला. "म्हनल्या, परत घेऊन जा, आमच्या काय कामाचा."

"असं म्हणाली? हेमा म्हणाली?"

"त्याच म्हनल्या. चिठ्ठी वाचली आन् डबा माझ्या हातात परत दिला."

शरयूच्या हातातला झारा परातीत आदळला. अकराच्या अकरा करंज्या! एक तरी ठेवून घ्यायची! आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. आणि हिने भरला डबा तोंडावर परत मारावा? दुःख आहे हे मान्य. म्हणून काय माणसाने माणुसकी सोडायची? हिच्या मुलीच्या लग्नात तीनशे लाडू कोणी वळले होते? हिच्या सासूच्या आजारपणात दोन महिने पेज कोणी पोहोचवली होती? जितके आठवावे तितका संताप वाढत गेला. शेवटी ती मोठ्याने म्हणाली, "संपलं. आता मी तेराव्यालाही जायची नाही. चाळीस वर्षांची मैत्री तिने दारातून परत पाठवली आहे, मी नाही."

आणि माणूस असा चिडला की त्याला साक्षीदार लागतो. ती तरातरा आप्पांकडे गेली.

आप्पा ओसरीवर पालेभाजी निवडत होते. तिने सगळे सांगितले. सांगताना आवाज चढला, डोळे भरले, पुन्हा आवाज चढला. आप्पांनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली. सगळे ऐकून झाल्यावर एवढेच विचारले, "सकाळपासून काही खाल्लंस?"

"मला भूक नाही."

"भूक नसायला काय झालं? पहाटेपासून चुलीपुढे उभी आहेस. आज वाढायला थांबू नकोस. पंगतीत बस."

दुपारी पंगत मांडली. पन्नासेक माणसे होती. आप्पा स्वतः वाढायला निघाले, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले. वाफेचा भात आला, आमटी आली, भाजी आली. शरयूच्या पत्रावळीशी आले की मात्र आप्पा तिला वगळून पुढे जात. एकदा झाले, दोनदा झाले. तिला वाटले, चुकून झाले असेल. तिसऱ्या खेपेला ते तिच्यासमोर थांबले. हातात फ्रीझरमधला डबा होता. त्यांनी त्यातल्या तीन करंज्या काढून तिच्या पानावर ठेवल्या. दगडासारख्या कडक, पांढरट बर्फ धरलेल्या. पानावर पडताना खट्ट आवाज झाला. शेजारी त्यांनी चिठ्ठी ठेवली.

"सप्रेम भेट," आप्पा म्हणाले. "तळून घे."

पंगतीत कोणीतरी हसले. शरयूचा चेहरा लाल झाला. भरल्या पंगतीत हा अपमान! वीस वर्षे या माणसाच्या हाताखाली घासली, त्याचे हे फळ! ती पानावरून उठली, तीन करंज्या मुठीत घेतल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाली. तळून घ्यायच्या ना? घेते तळून. सगळ्यांच्या देखत खाऊनही दाखवते.

आत येऊन पाहते तो चुली पाणी ओतून विझवलेल्या, आंब्याचा रस खाली उतरवून ठेवलेला. एकही निखारा नाही. आणि मोठी कढई मधोमध जमिनीवर पालथी घातलेली.

आता मात्र तिचा तोल गेला. आप्पा मागोमाग आलेच होते. ती वळून ओरडली, "आप्पा, ही कुठली थट्टा? चूल विझवायची, कढई पालथी घालायची आणि माणसाच्या हातात कच्ची करंजी देऊन म्हणायचं, तळून घे? द्यायचं नव्हतं तर नव्हतं द्यायचं! असं चिडवता कशाला? ज्या घरात कढईच चढत नाही, त्या घरात…"

वाक्य तिथेच अडकले. तिचे स्वतःचेच शब्द तिच्या कानावर आले होते.

सुतकाच्या घरी तळण होत नाही. तेरा दिवस कढई चढत नाही. हे तिला का ठाऊक नव्हते? तिच्या आईने तिला ते परकरात असल्यापासून शिकवले होते. गावात कोणी गेले की त्या घरी पिठलं-भात करून नेणाऱ्या बायकांत ती स्वतः पहिली असायची. आणि आज तिने आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, चार दिवसही झाले नसताना, तळायची करंजी पाठवली होती. वर आनंदाने खायला सांगितले होते.

करंज्यांतून थंड पाणी गळून तिच्या मनगटावर ओघळत होते.

आप्पा पाटावर बसले. त्यांचाही आवाज शांत नव्हता. "मघापासून तू मला सांगते आहेस की तुझा अपमान झाला. मी विचार करत होतो, संतापायचा अधिकार नक्की कोणाचा? नवरा गेलेल्या बाईच्या दारात रिक्षावाला डबा घेऊन उभा राहतो. तू नाहीस, तुझा डबा. तो उघडावा तर त्यात तिच्याच डोक्यावर नवं काम. शरयू, आनंदाच्या घरी कच्चं दिलंस तर चालतं. तिथे तळायला दहा हात असतात, हसत हसत तळतात. आजाऱ्याला द्यायचं तर तळून, निववून, कुस्करून द्यावं. आणि दुःखाच्या घरी वस्तू पाठवूच नये. तिथे आपण जावं आणि त्यांची चूल पेटवावी. तू तयारी केलीस ती चांगलीच केलीस. पण तुझा हात तयारीत इतका गुंतला की डबा कोणाकडे चालला आहे, हे बघायला डोळे उरले नाहीत."

शरयूने डोळे पुसले. पण तिचा राग सगळा खोटा नव्हता, आणि ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"डबा निघाला तेव्हा तुम्ही ओसरीवरच होतात," ती म्हणाली. "यशवंताने तुमच्यासमोर हेमाचं नाव घेतलं. तेव्हाच का नाही अडवलंत? पंगतीत शोभा करायला वेळ मिळाला, तेव्हा एक शब्द बोलायला मिळाला नाही?"

आप्पांनी पालथ्या कढईकडे पाहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं. मला वाटलं, रिक्षात मागे तू बसलेली असशील. मी वळून पाहिलं नाही. पंगतीतही करायला नको होतं. तुझ्यावर चिडलो होतो आणि ते चिडणं शिकवण म्हणून वाढलं." ते उठले आणि त्यांनी स्वतः कढई सरळ केली. "जा. चूल पेटवून रस मी आटवतो."

"सोळा पेट्या आहेत आप्पा. तळाला लागेल."

"लागू दे."

शरयू घरी गेली. तिने मऊ भात लावला, बिनफोडणीचे साधे वरण केले, आणि डबा पदरात धरून, रिक्षा न करता, चालत हेमलताच्या घरी गेली. वाटभर तिच्या मनात एकच भीती होती: डबा परत पाठवला तसा दारातून आपल्यालाही परत पाठवले तर? पाठवले तर बरोबरच आहे, असे तिने ठरवून टाकले होते.

हेमलता माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिने शरयूकडे पाहिले, पण ये म्हटले नाही. शरयू तिच्यासमोर खाली बसली.

"तीन दिवस झाले," हेमलता म्हणाली. "दारात कोणी आलं की मला वाटायचं, तूच. आज रिक्षा थांबली तेव्हा तर मी उठून बाहेर आले. आणि यशवंत उतरला."

शरयूने मान खाली घातली.

"चिठ्ठी वाचली तुझी. सहकुटुंब लिहिलं होतंस गं. सहकुटुंब!" हेमलताचा आवाज फाटला. "एवढा राग आला मला. तुझा, यशवंताचा, त्या करंज्यांचासुद्धा. आंब्याच्या करंज्या त्यांना आवडायच्या, हे तुला माहीत होतं. तीन दिवस मी रडले नव्हते. डबा परत दिला आणि मग बसून रडले."

"तू परत पाठवलास ते योग्य केलंस," शरयू म्हणाली. "मी चुकले हेमा. मी यायला हवं होतं. मला आंबे महत्त्वाचे वाटले."

तिने कारण आणखी काही सांगितले नाही. सोळा पेट्यांचे नाव काढले नाही. डबा उघडून तिने भात-वरण कालवले आणि ताटली पुढे केली. हेमलताने आधी मान हलवली. मग एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला हुंदका आला, तो आवरेपर्यंत शरयू तिची पाठ चोळत राहिली. ताटली संपायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मठात नक्कीच काहीतरी तळाला लागले असेल.

दिवेलागणीच्या सुमारास शरयू उठली. ज्या घरी माणूस गेले आहे, त्या घरून निघताना 'येते' म्हणू नये, अशी आपल्याकडची रीत. दुःख पुन्हा त्या दाराशी येऊ नये, म्हणून निघणारा काही न बोलता उठून जातो. शरयूनेही डबा उचलला आणि मुकाट्याने उंबरठ्याकडे वळली. आपल्याला या घरी पुन्हा बोलावतील का, हे विचारायचीही तिला सोय नव्हती.

मागून हेमलताचा आवाज आला.

"उद्या ये," ती म्हणाली. "पण लवकर ये. सकाळ फार मोठी असते."