मुठीतला अंगठा

"चूक कुठे होतेय, तेवढंच सांगा, बाबा!"

गिरमाजी चितारी गुडघे टेकून विचारत होता. समोर चटईवर लतीफबाबा बसले होते. गावाबाहेरच्या तकियात राहणारे हे म्हातारे फकीर एके काळी स्वतः चित्रं काढत. गिरमाजी त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे बाबांचे डोळे गेले, तेव्हा त्यांनी आपले सगळे कुंचले त्याला देऊन टाकले.

बाहेर चिंचेखाली एक स्वार उभा होता. चितारी पळून जाऊ नये म्हणून किल्लेदाराने मागे लावून दिलेला.

"काढायचं काय आहे?"

"सदरेची भिंत. किल्लेदारांच्या हत्तीपुढून शत्रू पळतोय. बघणाऱ्याच्या उरात धडकी भरली पाहिजे, म्हणाले."

"मग?"

"दोनदा काढलं. दोन्ही वेळा ते हसले."

"हसेनात का."

"पुन्हा हसू आलं, तर उजव्या हाताचा अंगठा छाटीन, म्हणाले."

पण लगेच मान ताठ करून तो म्हणाला, "माझ्या रेषेत खोट नाही, बाबा. या मुलखात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही. डोळे विस्फारलेत, तोंडं वासलीत, हात वर फेकलेत... आणखी काय दाखवायचं?"

"मला कुठे दिसतंय, बेटा? तू काढलायस तसा उभा राहा."

गिरमाजी उठला. हात वर फेकले, तोंड वासलं.

बाबा चाचपडत जवळ आले. त्यांनी त्याची मनगटं चाचपली, मग खांदे, मग छाती.

"हा तर नाचतोय."

गिरमाजी रागाने लाल झाला. काही बोलणार, एवढ्यात बाहेरून स्वार ओरडला, "ए चितारी! आटप लवकर! किल्लेदार वाट बघतायत!"

गिरमाजी जागीच थिजला.

"हलू नकोस," बाबा कुजबुजले.

त्यांची बोटं पुन्हा फिरू लागली. हात खाली आले होते. खांदे कानांपर्यंत चढलेले. पोट आत ओढलेलं. तोंड घट्ट मिटलेलं, दातांवर दात. उजवी मूठ वळलेली होती. बाबांनी ती हळूच चाचपून पाहिली.

अंगठा आत लपला होता.

बाबांनी गिरमाजीचाच डावा हात धरला आणि त्याच्या अंगावरून फिरवला. खांद्यावरून, पोटावरून, त्या मुठीवरून.

"हा कोण?"

"मी."

"ओळख नव्हती वाटतं तुमची."

गिरमाजीने हात सोडवून घेतला. "हे भिंतीवर काढलं तर अख्खा गड म्हणेल, गिरमाजी भित्रा आहे."

बाबा चटईवर जाऊन बसले.

गडावर परतल्यावर गिरमाजीने हत्ती तसाच ठेवला, पळणारी माणसं पुसून टाकली. हत्तीसमोर एकच माणूस काढला. पळायचंही विसरलेला, अंगठा मुठीत लपवलेला. रेष थरथरली तिथे त्याने ती नीट केली नाही.

चित्र बघायला किल्लेदार आला. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं, गिरमाजीला तेवढं थांबवलं, आणि स्वतःच्या हाताने दाराला अडसर घातला.

"कुठून पाहिलंस?" किल्लेदाराने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"काय, सरकार?"

"दार लावून घेतलं की मी असा उभा असतो... कुठल्या फटीतून पाहिलंस तू?"

"पाहिलं नाही, सरकार. आईची आण. तो... तो मी आहे."

"खोटं."

"मीच आहे, सरकार."

किल्लेदार त्याच्याकडे बघत राहिला. चढलेल्या खांद्यांकडे, वळलेल्या मुठीकडे. गिरमाजीची नजर खाली गेली. किल्लेदाराचीही मूठ वळलेली होती. अंगठा दिसत नव्हता.

किल्लेदाराने जाऊन अडसर काढला.

"जा," किल्लेदार म्हणाला.

चार दिवसांनी गिरमाजी तकियात आला. या खेपेला मागे स्वार नव्हता, तरी तो वळून वळून पाहत होता.

"अंगठा शाबूत आहे, बाबा. झोप मात्र उडालीय. वाऱ्याने दार वाजलं तरी वाटतं, बोलावणं आलं. त्यांचं जे कुणाला ठाऊक नाही, ते मला ठाऊक झालंय. अशा माणसाला कोण जिवंत ठेवील?"

"चित्राचं काय केलं त्यांनी?"

"तेच तर कळत नाही. मला वाटलं, चुना फासतील. पण नाही. भिंतीवर पडदा सोडलाय. दुसऱ्या कुणाला बघू देत नाहीत. दिवेलागण झाली की एकटेच पडद्याआड जाऊन बसतात, चाकर सांगत होते... त्या घाबरलेल्या माणसापाशी त्यांना काय मिळत असेल, बाबा?"

बाबांनी हात पुढे केला. चाचपडत गिरमाजीची मूठ शोधली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"सोबत."